ल शाँबों : पठारावर लपवलेली मुलं आणि त्या आठवणीवरून झालेले वाद

रानवाट (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धात ज्यू मुलांना लपवणाऱ्या माणसांच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच वाचल्यात. बहुतेक गोष्टींत एक कुटुंब असतं, एक माळा असतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही कळू द्यायचं नसतं. ल शाँबों-स्यूर-लिन्यों या फ्रेंच गावाचं प्रकरण याच्या अगदी उलट आहे. तिथे शेजाऱ्यांना ठाऊक होतं, शाळामास्तरांना ठाऊक होतं, बेकरीवाल्यालाही ठाऊक होतं. गेली काही वर्षं मी ल्योंला राहते. तिथून हे पठार गाडीने दोन तासांच्या आत येतं, म्हणून जाणं झालं. परत आल्यावर मिळेल ते वाचत सुटले. त्यातलं काही इथे टाकतेय.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर आहे. आजूबाजूला ल माझे, ताँस, फाय, सँ-आग्रेव अशी गावं आणि मधे विखुरलेली दगडी घरांची शेतं. हिवाळ्यात बर्फ उडवणारा वारा असा काही सुटतो की रस्ते बंद पडतात. फ्रान्स कॅथलिकांचा देश, पण या पठारावर प्रोटेस्टंटांची मोठी वस्ती आहे. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि पुढची शंभर वर्षं या लोकांच्या पूर्वजांनी जंगलात, गोठ्यात चोरून प्रार्थना केल्या. धर्मगुरूंना लपवून ठेवायचं, राजाचे घोडेस्वार आले की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, हे शिक्षण घरातच मिळत आलेलं.

१९३४ मध्ये आंद्रे त्रोक्मे हे पाद्री इथे नेमणुकीवर आले. पक्के अहिंसावादी. त्या काळी फ्रान्सच्या प्रोटेस्टंट चर्चला असला पाद्री मोठ्या शहरात नकोच होता. त्यांची बायको माग्दा, जन्म फ्लॉरेन्सचा. १९३८ मध्ये त्रोक्मे आणि दुसरे पाद्री एदुआर तेस यांनी गावात एक शाळा काढली. सुरुवातीला विद्यार्थी १८, युद्ध संपेपर्यंत तीनशेच्या पुढे. ही वाढ कुठून झाली ते ओळखा.

२२ जून १९४० ला फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या दिवशीच्या प्रवचनात दोघा पाद्र्यांनी सांगितलं की आपल्या विवेकावर जबरदस्ती होईल तेव्हा आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करणं हे ख्रिश्चनाचं कर्तव्य आहे. देश नुकताच हरलेला, सगळे नवे सत्ताधीश मार्शल पेतँ यांच्या पाया पडताहेत, अशा वेळी हे बोलले.

त्यानंतर चार वर्षांत या पठारावर किती माणसं आसऱ्याला आली? सहसा सांगितला जाणारा आकडा पाच हजार, त्यातले तीन-साडेतीन हजार ज्यू. काही इतिहासकारांना तो फुगवलेला वाटतो. नोंदी ठेवणं म्हणजे आत्महत्या होती, तेव्हा हा वाद मिटणार नाही. आलेल्यांत मुलं आणि किशोरवयीन पोरं खूप.

बाकी प्रतिसादांत लिहिते.

शेंगदाणा

वाचतोय. येऊ द्या.

तिरकस

लेख चांगला आहे, पण एक शंका. पाद्री बोलले आणि गाव उठलं, असं खरंच होतं का कुठे? आमच्या सोसायटीत सेक्रेटरी बोलतो तेव्हा पाण्याच्या टाकीचे पैसेही गोळा होत नाहीत.

रानवाट

@तिरकस, माझ्या मते प्रवचनापेक्षा पठाराच्या धंद्यापाण्याचा भाग मोठा आहे, आणि तोच नेहमी गाळला जातो.

खाली सँ-एतियेन नावाचं खाणी-कारखान्यांचं शहर आहे. धुराने खंगलेली तिथली कामगारांची पोरं डोंगरावर हवापालटाला पाठवायची, अशी एक योजना लुई कोंत या पाद्रीने १८९३ मध्ये सुरू केली. शेतकऱ्याच्या घरी पोर राहायचं, दूध प्यायचं, गुरांमागे हिंडायचं आणि शेतकऱ्याला थोडे पैसे मिळायचे. म्हणजे १९४१-४२ मध्ये एखाद्या शेतावर शहरी वळणाचं अनोळखी पोर दिसलं तर त्यात कोणाला वावगं वाटायचं कारणच नव्हतं. जवळपास पन्नास वर्षं हेच चाललेलं. शिवाय उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्यांसाठी गावात खानावळी, पाहुणेघरं, छोटी हॉटेलं होती आणि युद्धामुळे ती रिकामी पडली होती. स्पेनच्या यादवीतले निर्वासितही त्याआधीच येऊन गेले होते.

खाटा होत्या, सवय होती, दूध-बटाटे होते. कमी होती ती पैशाची आणि कागदपत्रांची.

बकुळफुले

पैसा कुठून आला मग?

रानवाट

बाहेरून. दक्षिण फ्रान्समध्ये विशी सरकारने (म्हणजे जर्मनीशी जुळवून घेतलेल्या पेतँच्या सरकारने) गुर्स, रिव्हसाल्त अशा छावण्यांत परदेशी ज्यूंना कोंडलं होतं. तिथे क्वेकर या अहिंसावादी ख्रिश्चन पंथाचे लोक, स्विस मदतसंस्था, 'सिमाद' ही प्रोटेस्टंट तरुणांची संस्था आणि 'ओझे' ही ज्यू मुलांसाठी काम करणारी संस्था, सगळे धडपडत होते. त्रोक्मे क्वेकरांना भेटले ते स्वतः छावणीत जाऊन काम करायची तयारी दाखवायला. क्वेकरांचं म्हणणं पडलं की छावणीतून मुलं काढणं एक वेळ जमतं, पण ती ठेवायची कुठे? कोणतंही गाव त्यांना घ्यायला तयार नाही. मग खर्च त्यांनी उचलायचा आणि गावाने जागा द्यायची असं ठरलं.

१९४१ पासून स्विस मदतसंस्थेने गावात ला गेस्पी, लाब्रिक, फायदोली अशी मुलांची घरं उघडली. ऑगस्ट बोनी हा तरुण स्विस शिक्षक त्यांचा प्रमुख. गावाचे आधीचे मेयर शार्ल गिलों जिनिव्हाहून पैसे आणण्याची व्यवस्था बघत.

अवांतर : विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक, अलेक्झांडर ग्रोथेन्डिक, किशोरवयात ला गेस्पीत राहायचा आणि त्याच तेस-त्रोक्मेंच्या शाळेत शिकला. धाडीची कुणकुण लागली की ही पोरं जंगलात पसार होत.

प्रा. विसरभोळे

माहितीपूर्ण धागा. थोडी भर घालतो.

कागदपत्रांचं काम ज्याने केलं तो ऑस्कर रोसोव्स्की स्वतः ज्यू निर्वासित, बर्लिनमध्ये जन्मलेला, तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा. त्याआधी तो नीसमध्ये टाइपरायटर दुरुस्तीचं काम करायचा, म्हणून सरकारी कचेऱ्यांत जाणं-येणं होतं आणि शिक्के कसे असतात ते डोळ्यांखालून गेलेलं. पठारावर एका शेतकरी दांपत्याकडे राहून त्याने हजारो खोटे दाखले बनवले. तयार कागद त्या शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत ठेवले जायचे. झडती घ्यायला आलेला शिपाई पोळ्यात हात घालणार नाही, हा साधा हिशोब.

ओळखपत्राइतकंच रेशनकार्ड महत्त्वाचं. ते नसेल तर पाव मिळत नाही. म्हणजे प्रत्येक लपलेल्या मुलामागे दर महिन्याला कुपनं मिळवायची कटकट. या गोष्टी कोणी सिनेमात दाखवत नाही.

आडवाटेचा

मधमाश्यांचा किस्सा भारी! पण इतक्या लोकांना माहीत असून कोणी फितूर कसं झालं नाही? माझा विश्वास बसत नाही.

रानवाट

सगळं गाव संतांचं होतं असं कोणीच म्हणत नाही. पहिलाच प्रसंग घ्या. १९४०-४१ चा हिवाळा. त्रोक्म्यांच्या दारात बर्फाने माखलेली एक जर्मन ज्यू बाई येऊन उभी राहिली. माग्दाने तिला आत घेतलं आणि तिचे भिजलेले जोडे चुलीच्या भट्टीत वाळत टाकले. मग तिच्या कागदपत्रांचं काही होतंय का बघायला ती मेयरच्या कचेरीत गेली. मेयर खवळले. एका परक्या बाईपायी गाव धोक्यात घालता? उद्या सकाळपर्यंत तिला इथून हलवा. माग्दा घरी येऊन बघते तर जोडे जळून कोळसा. त्या टंचाईच्या दिवसांत दुसरे जोडे शोधत ती गावभर फिरली, ते मिळाले, आणि त्या बाईला दुसऱ्या ठिकाणी पाठवून दिलं. माग्दा ही आठवण शेवटपर्यंत सांगत असे, आणि त्यात तिला स्वतःचा अभिमान अजिबात नव्हता. मेयरला विचारायला जायचंच नसतं, हे ती त्यातून शिकली.

@आडवाटेचा, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर त्यातच आहे. मदत करणारे कोणाला विचारत नव्हते आणि एकमेकांना फारसं सांगतही नव्हते. शेजारच्या शेतावरचं पोर कुठलं, हे माहीत असूनही विचारायचं नाही. सरकारने गावावर नजर ठेवायला एक पोलीस निरीक्षकही बसवला होता. तरी धाड पडायच्या आदल्या रात्री पाद्र्याच्या घरी अनेकदा निनावी फोन यायचा, "उद्या सकाळी सांभाळा." म्हणजे सरकारी यंत्रणेच्या आतही कोणीतरी होतं.

सुमतीआजी

मुली, छान लिहितेस. त्या माग्दाबाईंबद्दल अजून सांग. पाद्र्यांची नावं सगळे सांगतात. शंभर पोरांच्या जेवणाचं कोण बघत होतं ते कोणी सांगत नाही.

रानवाट

आजी, बरोबर नस पकडलीत.

१३ फेब्रुवारी १९४३. आंद्रेंना अटक करायला पोलीस आले तेव्हा ते घरी नव्हते. माग्दाने पोलिसांना बसायला सांगितलं. आंद्रे आले, जेवायची वेळ झाली, तेव्हा तिने त्या पोलिसांनाही पानावर बसवलं. पुढे लोक तिला विचारत, नवऱ्याला न्यायला आलेल्यांना जेवू कसं घातलंस? तिचं उत्तर असं की जेवायची वेळ होती, ते वाटेत उभे होते, सगळ्यांना भूक लागली होती, त्यात काय एवढं?

तोवर बातमी गावभर झाली आणि लोक रांग लावून निरोप द्यायला आले. युद्धात जपून ठेवलेला सार्डिनचा डबा कोणी दिला, कोणी चॉकलेट, कोणी मेणबत्ती. मेणबत्ती आहे पण काडेपेटी नाही हे लक्षात आल्यावर पोलीस अधिकाऱ्यानेच आपली काडेपेटी काढून दिली. संडासच्या कागदाची एक गुंडाळीही होती. छावणीत गेल्यावर उलगडून बघितली तर तिच्यावर बायबलमधली वचनं लिहिलेली.

आंद्रे, तेस आणि सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक, तिघांना लिमोजजवळच्या छावणीत ठेवलं. महिन्याभराने सोडताना मार्शलच्या आज्ञा पाळीन असं लिहून द्यायला सांगितलं. दोघा पाद्र्यांनी नकार दिला. तरीही सोडलं.

आणि धाडीबद्दल. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस फ्रेंच पोलीस बस घेऊन आले होते. त्याच महिन्यात आधी विशीचे युवकमंत्री गावात येऊन गेलेले. तेव्हा शाळेच्या मुलांनी त्यांच्या हातात एक पत्र ठेवलं. पॅरिसमध्ये जुलैत झालेल्या धरपकडीबद्दल ऐकलं, आमच्यातही ज्यू आहेत, आम्ही भेद करत नाही, आणि त्यांना न्यायला आलात तर आम्ही त्यांना लपवू. असं तोंडावर सांगितलं! प्रीफेक्टने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी प्रमुखाने, त्रोक्म्यांना ज्यूंची यादी मागितली, तर उत्तर मिळालं की ज्यू म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही, आम्ही माणसं ओळखतो. पोलीस काही आठवडे ठाण मांडून होते, हाती जवळजवळ काही लागलं नाही. मुलं रानात. पोलीस गेले की गावकरी जंगलाच्या कडेला जाऊन एक गाणं म्हणायचे, ते ऐकलं की परत यायचं. स्विस घरांपाशी बोनीने पोलिसांना ही जागा स्विस संरक्षणाखाली आहे असं ठणकावून परतवलं. कायद्यात ते कितपत बसत होतं हा वेगळा विषय.

कृष्णाकाठ

आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, पाचेक हजार माणसं, त्यात पुष्कळ बायका-मुलं. आजोबा सांगायचे की ती गोरी पोरं पंचगंगेवर पोहायला यायची. हा धागा वाचून तीच आठवली. जामनगरच्या जामसाहेबांनीही बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतलं होतं. आपल्याकडेही हे झालंय, हे नोंदवून ठेवतो.

प्रा. विसरभोळे

@कृष्णाकाठ, नोंद योग्य आहे, पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. वळिवडे ही सरकारच्या संमतीने उभी राहिलेली छावणी होती. तिथल्या पोरांना कोणापासून लपवायचं नव्हतं. शाँबोंत आसरा देणं हाच गुन्हा. माणुसकी दोन्हीकडे आहे. जोखीम मात्र एकीकडेच.

कृष्णाकाठ

मान्य आहे सर. तुलना करायची नव्हतीच. कोल्हापूरचा विषय निघाला की राहवत नाही.

तिरकस

ठीक आहे, पटत चाललंय. पण जर्मन लोक इतके मूर्ख होते का? नोव्हेंबर १९४२ नंतर दक्षिण फ्रान्सही त्यांच्या ताब्यात होता ना?

रानवाट

मूर्ख नव्हते. गंमत म्हणजे जखमी जर्मन सैनिक बरे व्हायला शाँबोंच्याच हॉटेलात ठेवले होते. एका रस्त्यावर जर्मन सैनिक, पुढच्या वळणावर ज्यू मुलांचं घर.

आणि घाव बसलाच. २९ जून १९४३, सकाळी गेस्टापोने (नाझींचे गुप्त पोलीस) 'मेझों दे रोश' या विद्यार्थ्यांच्या घरावर छापा घातला. तिथला प्रमुख आंद्रेंच्या नात्यातला दानिएल त्रोक्मे, वय ३१. तो त्या वेळी 'ले ग्रियों' या दुसऱ्या घरी मुलांजवळ होता. पळून जायला वाव होता, पण पोरांना पकडलंय म्हटल्यावर तो स्वतःहून तिकडे गेला. अठरा विद्यार्थ्यांबरोबर त्याला नेलं आणि एप्रिल १९४४ मध्ये पोलंडमधल्या मायदानेकच्या नाझी छावणीत तो मेला. एक स्पॅनिश पोरगा मात्र सुटला, कारण त्याने काही दिवसांपूर्वी लिन्यों नदीत बुडणाऱ्या एका जर्मन सैनिकाला वाचवलं होतं. माग्दा धावत जर्मनांच्या हॉटेलात गेली आणि साक्ष द्यायला सैनिक घेऊन आली.

गावातले डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना ऑगस्ट १९४४ मध्ये ल्योंजवळ सँ-जनी-लावाल इथे इतर कैद्यांबरोबर मारलं. माद्लेन द्रेफ्यूस या 'ओझे'च्या कार्यकर्त्या ल्योंहून मुलं घेऊन यायच्या. आधी सँ-एतियेन, मग आपल्या माथेरानच्या गाडीसारखी डोंगर चढणारी छोटी गाडी, मग शेताशेतावर जाऊन "दोन घ्याल का, बहीण-भाऊ आहेत, वेगळं करवत नाही" अशी विनवणी. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्या पकडल्या गेल्या. बेर्गेन-बेल्झेनच्या नाझी छावणीतून जिवंत परतल्या.

आडवाटेचा

द्रेफ्यूसबाईंवर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा.

शेंगदाणा

+१

बकुळफुले

मला स्मरणाबद्दल ऐकायचंय. शीर्षकात वाद म्हटलंय, ते कुठे?

रानवाट

येते त्याच्याकडे. माझा मुद्दाही खरं तर तिथेच आहे.

युद्ध संपलं आणि पठार गप्प बसलं. कोणी स्मारक मागितलं नाही. वाचलेली मुलं इस्रायल, अमेरिका, फ्रान्समध्ये पांगली. १९७१ मध्ये ज्यू संहाराची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने आंद्रे त्रोक्म्यांना सन्मान जाहीर केला, तेव्हा त्यांनीच विचारलं की मीच का? ते सगळे गरीब शेतकरी का नाहीत? माझी बायको का नाही, तेस का नाही? त्याच वर्षी ते वारले.

१९७९ मध्ये आसरा मिळालेल्या ज्यूंनी गावातल्या प्रोटेस्टंट चर्चसमोर एक फलक लावला. त्यात एकाही पाद्र्याचं नाव नाही. प्रोटेस्टंट समाज आणि त्यांच्या उदाहरणाने ओढले गेलेले सर्व धर्मांचे आणि धर्म न मानणारे लोक, असा उल्लेख आहे आणि शेजारच्या गावांचाही आहे. ज्यांचे जीव वाचले त्यांनी हिशोब बरोबर मांडला.

त्याच सुमाराला इंग्रजीत पुस्तक आलं, नंतर चित्रपट आला, आणि गोष्ट हळूहळू 'एक पाद्री, एक गाव' अशी आवळत गेली. ल माझे गावचे लोक म्हणाले, आमच्या शेतांवर काय कमी मुलं होती? कॅथलिक म्हणाले, आम्ही नव्हतो का? ज्यूंच्या स्वतःच्या यंत्रणांचं काय, रोसोव्स्कीचं काय? बंदूक घेऊन लढलेले म्हणाले, सगळं अहिंसेने झालं असं का सांगता? ऑगस्ट १९४३ मध्ये त्या पोलीस निरीक्षकाला गोळ्या घालणारे याच पठारावरच्या प्रतिकारातले होते. १९४४ मध्ये व्हर्जिनिया हॉल ही लाकडी पायाची अमेरिकन हेर याच भागात शस्त्रं उतरवून घेत होती. आणि ल प्वी या जिल्ह्याच्या ठिकाणी असलेला जर्मन अधिकारी श्मेलिंग याने मुद्दाम कानाडोळा केला का, यावर तर इतिहासकार हमरीतुमरीवर आले.

१९९० मध्ये याद वाशेमने ल शाँबों आणि आसपासच्या गावांचा मिळून गौरव केला. असा सामूहिक मान मिळालेलं दुसरं गाव फक्त हॉलंडमधलं न्यूलांड.

तिरकस

पण नेता नसता तर झालं असतं का? तुम्ही त्रोक्म्यांना जरा जास्तच बाजूला सारताय असं वाटतं.

रानवाट

बाजूला सारत नाही. पण ही एक गोष्ट बघा. १९४३ च्या उन्हाळ्यात जिवावर बेतल्यामुळे आंद्रे पठार सोडून भूमिगत झाले ते जवळपास वर्षभर. तेससुद्धा बाहेर पडले आणि लोकांना स्वित्झर्लंडच्या सीमेपार नेण्याच्या कामात लागले. दोन्ही पाद्री गायब. त्या काळात काम थांबलं का? तर नाही. मुलं येत राहिली, शेतांवर राहत राहिली, शाळा चालू राहिली. जर्मनांचा सर्वांत कडक काळ तोच होता. म्हणून म्हणते, पाद्र्यांनी दार दाखवलं असेल, उघडं ठेवलं ते बाकीच्यांनी.

प्रा. विसरभोळे

उत्तम युक्तिवाद. एक प्रतिबाजू मांडतो. पठाराची गोष्ट सांगताना ते फ्रान्सचं प्रातिनिधिक चित्र होऊ नये. फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू नाझी छावण्यांकडे पाठवले गेले, त्यात ११,००० पेक्षा जास्त मुलं. पॅरिसची जुलै १९४२ ची धरपकड फ्रेंच पोलिसांनी केली, जर्मनांनी नव्हे. आणि एप्रिल १९४४ मध्ये इझियो गावच्या ज्यू मुलांच्या घरातून ल्योंचा गेस्टापो प्रमुख क्लाउस बार्बीच्या हुकमावरून ४४ मुलं उचलली गेली, एकही परतलं नाही. ते घरसुद्धा डोंगरात, आडबाजूला, सुरक्षित म्हणूनच निवडलेलं होतं. नशिबाचा भाग विसरू नये.

८ जुलै २००४ ला राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी वाढत्या वंशद्वेषाविरुद्धचं भाषण मुद्दाम शाँबोंत जाऊन केलं. राजकारण्यांना असं गाव सोयीचं असतं. शरमेच्या जागी जाऊन बोलण्यापेक्षा अभिमानाच्या जागी बोलणं सोपं. अर्थात पॅरिसच्या धरपकडीत फ्रान्सचा दोष होता हे १९९५ मध्ये कबूल करणारेही तेच, तेव्हा फार टीका करवत नाही.

रानवाट

@प्रा. विसरभोळे, इझियोची आठवण दिलीत ते बरं केलंत. शाँबोंच्या संग्रहालयातही हा तोल बऱ्यापैकी सांभाळलाय. ते उघडायला २०१३ उजाडलं, इतके वाद. चर्चच्या समोर, जुन्या शाळेच्या इमारतीत. आत मुख्यतः माणसं बोलतात, म्हणजे ध्वनिचित्रित साक्षी. म्हातारे शेतकरी प्रश्न विचारणाऱ्याकडे असे बघतात जणू विचारणाराच खुळा आहे. एक आजी सांगतात की पोर दारात होतं, मग काय करणार? त्यांच्या पुढे मुलाखत सरकतच नाही. मुलाखतकाराची पंचाईत बघण्यासारखी आहे.

आता अलीकडचं. एरिक श्वाम नावाचे व्हिएन्नात जन्मलेले गृहस्थ डिसेंबर २०२० मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. १९४३ मध्ये आईवडिलांबरोबर ते शाँबोंत आले होते, रिव्हसाल्तच्या छावणीतून. युद्धानंतर तिथेच शिकले, मग औषधशास्त्र करायला ल्योंला गेले. मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात त्यांनी सुमारे वीस लाख युरो गावाला ठेवले, शिक्षण आणि तरुणांसाठी वापरावेत अशा इच्छेसह. अडीच हजार वस्तीच्या गावाला ही रक्कम केवढी! आणि माणूस इतका अबोल की गावात त्यांच्याबद्दल फारसं कोणाला माहीत नव्हतं, बातमी आल्यावर नगरपालिका त्यांची माहिती गोळा करायला लागली.

सुमतीआजी

ती शाळा अजून आहे का ग? त्या पैशातून तिला काही मिळालं असेल.

रानवाट

नाही आजी. ती शाळा २०१४ मध्ये बंद पडली. शेवटची वर्षं वाईट गेली, २०११ मध्ये तिथल्या एका विद्यार्थिनीचा खून झाला आणि त्यानंतर ती सावरलीच नाही. मला विचाराल तर गावाला याचं दुःख फलकांच्या वादापेक्षा मोठं आहे.

आडवाटेचा

पुढच्या वर्षी युरोपला जायचा बेत आहे. ती छोटी गाडी अजून चालते का?

रानवाट

नेहमीची वाहतूक केव्हाच बंद झाली, पण उन्हाळ्यात पर्यटकांसाठी तीच अरुंद रुळांची गाडी ताँस, शाँबों, सँ-आग्रेव अशी सोडतात. बाकी ल्यों किंवा सँ-एतियेनहून स्वतःची गाडी केलेली बरी. हिवाळ्यात जाऊ नका, वारा खरंच वाईट असतो. संग्रहालय थंडीत बरेच दिवस बंद असतं, वेळ आधी बघून निघा. शाँबोंत मुक्काम केलात तर एक दिवस ल माझे आणि फाय या गावांसाठी ठेवा, तिथे बस थांबवून कोणी उतरत नाही.

आडवाटेचा

धन्यवाद. लिहून घेतलं.

कृष्णाकाठ

न्यूलांडबद्दल कोणी लिहील का? की इथेच विचारू?

प्रा. विसरभोळे

वेगळा धागा काढा. या आठवड्यात जमलं तर मीच सुरुवात करतो. तिथली रचना निराळी होती. अख्ख्या गावाने मिळून असं ठरवलं होतं की प्रत्येक घराने किमान एक तरी माणूस लपवायचा. सगळेच सामील म्हटल्यावर कोण कोणाची चहाडी करणार?